कंपनी पाणी-ड्रेनेजला पैसा घालते, म्हणजे नक्की कोण घालतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ कोल्हापुरात पाचगाव रस्त्याच्या बाजूला, महापालिका हद्दीबाहेरच्या एका कॉलनीत राहतात. पाणी दिवसाआड, उन्हाळ्यात टँकर. ड्रेनेज लाईन नाही. प्रत्येक घराची सेप्टिक टाकी आहे आणि टाकीवरून ओसंडणारं पाणी गटारीतून ओढ्याला जातं. कॉलनीच्या बैठकीत कुणीतरी सांगितलं की एक खासगी कंपनी नळ आणि ड्रेनेज दोन्ही टाकून द्यायला तयार आहे, 'सरकारचा एक रुपयाही लागणार नाही', बदल्यात कंपनी ३० वर्षं बिल वसूल करेल. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. कंपनी खरंच स्वतःचा पैसा घालते का? आमचं टोलसारखं होईल का? आणि आम्ही पाठिंबा द्यावा की विरोध?

मी २७ वर्षं या कामात आहे. सुरुवातीची काही वर्षं पाणीपुरवठ्याच्या साईटवर काढली. नंतर कर्ज देणाऱ्या संस्थांसाठी अशा योजनांचे प्रस्ताव तपासायचं काम केलं, म्हणजे पैसा परत येईल की नाही हे बघायचं. त्यामुळे पाईप आणि हप्ता या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. तुमच्या योजनेची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत. जमिनीचा चढउतार, घरांची दाटी, पाणी कुठून उचलणार, कराराचा मसुदा, या चार गोष्टींवर माझं उत्तर बदलू शकतं. पण विचार कसा करायचा हे बदलत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी प्रश्न नीट मांडू. तुम्ही विचारता 'खासगी की सरकारी'. माझ्या मते तुमच्यापुढचा खरा प्रश्न हा आहे की आज जो खर्च होईल तो कोण, किती वर्षांत आणि कशातून फेडणार, आणि अंदाज चुकला तर नुकसान कोणाच्या अंगावर पडणार. जमिनीत पाईप टाकायचा पैसा शेवटी दोनच ठिकाणांहून येतो: वापरणाऱ्याच्या बिलातून, नाहीतर कुणाच्या तरी करातून. सरकारी अनुदान म्हणजे कराचाच पैसा. कंपनी, बँक आणि रोखे (म्हणजे ठरलेल्या व्याजानं परत मिळणाऱ्या कर्जाचे कागद) घेणारे तिसऱ्या जागेवरून पैसा आणत नाहीत. ते आज पैसे देतात आणि उद्या व्याजासह परत घेतात. 'सरकारचा एक रुपयाही लागणार नाही' याचा साधा अर्थ 'सगळा रुपया तुमच्या बिलातून येणार' असा आहे. हे सांगणारा माणूस खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग बैठकीत बोलला गेलेला नाही.

आता कंपनीच्या पैशाचं. अशा कामात कंपनी साधारणपणे एकूण खर्चाचा चौथा किंवा तिसरा हिस्सा भांडवल म्हणून स्वतः घालते आणि बाकीचं कर्ज काढते. त्या भांडवलावर तिला बँकेच्या व्याजापेक्षा बराच जास्त परतावा हवा असतो, कारण नुकसान झालं तर पहिलं तिचं बुडतं. यात गैर काही नाही, फक्त तो परतावाही बिलात असतो हे लक्षात ठेवायचं. आणि कर्ज देणारी बँक काय बघते? घरकर्जाला घर तारण असतं. रस्त्याखालचा पाईप तारण घेऊन बँक काय करणार? तो उकरून विकता येत नाही. म्हणून बँक फक्त दर महिन्याला जमा होणारं बिल बघते. १ रुपयाचा हप्ता असेल तर चालवण्याचा खर्च भागून हातात किमान सव्वा-दीड रुपया उरतो का, एवढाच तिचा प्रश्न.

त्यासाठी एक वेगळं खातं उघडतात, त्याला एस्क्रो खातं म्हणतात. सगळी वसुली आधी त्या खात्यात जाते आणि तिथून ठरलेल्या क्रमानं बाहेर पडते: आधी वीजबिल आणि देखभाल, मग बँकेचा हप्ता, मग दुरुस्तीसाठीची राखीव रक्कम आणि सगळ्यात शेवटी कंपनीचा नफा. करारात हा क्रम उलटासुलटा केलेला मी पाहिला आहे. एका प्रस्तावात दुरुस्तीची राखीव रक्कम नफ्याच्या खाली टाकली होती. पंप जळाला की दुरुस्तीला पैसा नाही आणि लाभांश मात्र वाटून झालेला, अशी वेळ त्या गावावर आली असती. तुमच्याकडे करार आला तर हे पान आधी उघडा.

आकड्यांनी दाखवते. हे आकडे तुमच्या भागाचे नाहीत, हिशेब कळावा म्हणून सोपे घेतले आहेत. समजा ४,००० घरं आहेत आणि ड्रेनेज लाईन, मैलापाणी पुढं ढकलणारं उपसा केंद्र आणि ते शुद्ध करणारं प्रक्रिया केंद्र मिळून ४० कोटी लागतात. म्हणजे घरामागे १ लाख. अनुदान शून्य धरलं आणि महापालिकेसारख्या संस्थेनं ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी पैसा उभा केला, तर फक्त भांडवल फेडायला घरामागे महिन्याला साधारण ८५० रुपये पडतात. कंपनीच्या मार्गानं, बँकेचं व्याज आणि भांडवलावरचा परतावा मिळून सरासरी १२ टक्के धरले, तर तेच १,११५ होतात. फरक २६५ रुपयांचा. खासगी पैसा महाग असतो तो एवढा. कंपनीनं काम लवकर संपवलं, गळती कमी ठेवली, वीज वाचवली तर ती हा फरक भरूनही काढू शकते. त्यामुळे नुसत्या व्याजदरावर मी कंपनीला नापास करत नाही.

आता दुसरा आकडा बदला. ४,००० ऐवजी २,००० घरांनीच जोडणी घेतली. खर्च तोच, पाईप तेवढेच, पण वाटून घेणारे निम्मे. १,११५ चे २,२३० झाले. आणि तिसरा बदल: ६० टक्के अनुदान मिळालं आणि सगळी घरं जोडली गेली, तर कंपनीच्या मार्गानंसुद्धा महिन्याला ४४६ रुपये. यात चालवण्याचा खर्च धरलेला नाही, तो वेगळा. पण बघा, कुणी बांधलं यापेक्षा किती घरं जोडली आणि किती अनुदान आलं यानं बिल कितीतरी जास्त हलतं. बैठकीत सगळी चर्चा कंपनीच्या नावावर होते, आणि या दोन गोष्टींबद्दल कुणी विचारत नाही.

जोडणीचं मी एवढं का धरून बसले आहे ते सांगते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात मुख्य ड्रेनेज लाईन टाकून चार वर्षं झाली होती. प्रक्रिया केंद्र तयार होतं, पण आत येणारं पाणी त्याच्या क्षमतेच्या मानानं इतकं कमी की यंत्रं रोज थोडा वेळच चालवायची. आम्ही एका गल्लीत चेंबर शोधायला गेलो तर चेंबरच दिसेनात. मधल्या काळात रस्त्यावर दोनदा डांबर पडलं होतं आणि झाकणं खाली गाडली गेली होती. प्लंबर पहार आपटत आपटत पुढं जायचा, पोकळ आवाज आला की तिथं खडूनं फुली. एका घरात आत बोलावलं. सेप्टिक टाकी मागच्या अंगाला, रस्ता पुढच्या अंगाला. मधे स्वयंपाकघर, माजघर आणि ओसरी. लाईन जोडायची म्हणजे तिन्ही खोल्यांची शहाबादी फरशी उचलून, उतार धरून पाईप न्यायचा. त्या घरातल्या आजी मला म्हणाल्या, "बाई, घाण बाहेर काढायला आमची ना नाही. पण फरशी परत कोण घालून देणार?" त्या प्रकल्पाच्या अहवालात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मुख्य लाईनीचा खर्च होता, केंद्राचा होता, पण घराच्या उंबऱ्याच्या आतला खर्च 'ग्राहकाने करावा' अशा एका ओळीत संपवला होता. त्या एका ओळीमुळे सगळी गुंतवणूक चार वर्षं पडून राहिली. तेव्हापासून प्रस्ताव हातात आला की मी आधी ती ओळ शोधते.

तुमच्या बाबतीत पाणी आणि ड्रेनेज वेगळं करून बघा, कारण दोन्हीचं अर्थकारण सारखं नाही. पाण्याला माणूस पैसे देतो. आज टँकरला देतोच आहे. बिल थकलं तर नळ बंद करता येतो, म्हणून बँकेलाही पाण्याच्या योजनेत थोडा आधार वाटतो. ड्रेनेजचं तसं नाही. बिल थकलं म्हणून कुणाचा मैला अडवता येत नाही, अडवूही नये. म्हणून जगभर ड्रेनेजची आकारणी पाण्याच्या बिलाला किंवा घरफाळ्याला जोडतात. तुमच्याकडे पाणी एका यंत्रणेचं, काही घरांना बोअर, काहींना टँकर, आणि ड्रेनेज दुसऱ्या कंपनीचं अशी विभागणी झाली तर त्या कंपनीच्या हातात वसुलीचं साधनच उरत नाही. मग ती काय करेल? ग्रामपंचायतीकडून किंवा सरकारकडून 'किमान हमी' मागेल, म्हणजे घरं जोडली नाहीत तरी ठरलेली रक्कम द्यायची. ती हमी कुठल्या कलमात आहे आणि ती कोण देतंय हे कळल्याशिवाय सही होऊ देऊ नका.

दुसरं असं की ड्रेनेजचा फायदा सगळा तुमच्या घरात राहत नाही. तुमच्याकडचे ओढे शेवटी पंचगंगेला मिळतात. नदी पुढं शिरोली, रुकडी, इचलकरंजी करत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची जी साथ आली, लोक दगावले, ती दूषित पाण्याचीच होती. वरच्यानं मैला साफ केला तर खालच्याचा जीव वाचतो. आता हा खालच्याचा फायदा वरच्याच्या बिलात कसा घालणार? घालता येत नाही आणि घालणं न्यायाचंही नाही. म्हणून ड्रेनेजला अनुदान मागणं म्हणजे फुकट मागणं नव्हे, असं मी ठामपणे म्हणते. पाण्याचं चालवण्याचं बिल आपण पूर्ण द्यावं, भांडवलाचाही काही भाग द्यावा. पण मैला प्रक्रियेच्या भांडवलाचा मोठा वाटा सार्वजनिक पैशातूनच यायला हवा.

तसा मार्ग कागदावर आहेसुद्धा. केंद्र सरकारची व्यवहार्यता तफावत निधीची योजना आहे, वायेबिलिटी गॅप फंडिंग म्हणतात ती. वसुलीतून न भागणारी भांडवलाची तूट ती भरून काढते. २०२० मध्ये तिच्यात पाणीपुरवठा, सांडपाणी अशा कामांसाठी वेगळा भाग केला. त्यात भांडवली खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत केंद्र आणि ३० टक्क्यांपर्यंत राज्य देऊ शकतं. अट अशी की स्पर्धात्मक निविदेतून खासगी भागीदार निवडायचा आणि चालवण्याचा खर्च वसुलीतून पूर्ण निघाला पाहिजे. वर मी ६० टक्के अनुदान धरलं ते यावरूनच. म्हणजे जो कुणी म्हणतो की सरकारचा रुपया नको, त्याला विचारा की मिळू शकणारं हे अनुदान तुम्ही का सोडता. निविदेची स्पर्धा टाळायची आहे का, हेही विचारा.

दुसरा मार्ग गंगेच्या शुद्धीकरणात वापरला गेला. २०१७ पासून वाराणसी, हरिद्वार अशा ठिकाणी प्रक्रिया केंद्रांसाठी हायब्रीड अ‍ॅन्युइटी पद्धत आली. बांधकाम चालू असताना कंपनीला ४० टक्के खर्च मिळतो. उरलेले ६० टक्के १५ वर्षांत हप्त्याहप्त्यानं, व्याजासह, आणि ते केंद्र नीट चाललं तरच. घरोघरी वसुलीची जबाबदारी कंपनीवर नसते, सरकार पैसे देतं. मला ही रचना ड्रेनेजसाठी जास्त पटते, कारण कंपनीला जे जमतं, म्हणजे बांधणं आणि चालवणं, तेवढंच तिच्यावर सोपवलं आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं असं झालं की ठेकेदार केंद्र बांधून, रिबन कापून निघून जायचा आणि दोन वर्षांत मोटारी गंजायच्या. पैसे १५ वर्षांत मिळणार असतील तर तो निकृष्ट मोटार बसवताना विचार करतो.

आता टोलची भीती. कोल्हापूरकराला ही भीती वाटणं अगदी बरोबर आहे. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते खासगी पैशातून झाले आणि बदल्यात ३० वर्षं टोल असं ठरलं होतं. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ रस्त्यावर उतरले, शहर कित्येक महिने पेटलं, २०१५ च्या अखेरीला टोल रद्द झाला आणि भरपाईचे शेकडो कोटी सरकारी तिजोरीतून गेले. मी त्याकडे धंद्याच्या नजरेनं बघते तेव्हा मला दोन चुका दिसतात. एक, जे रस्ते रोजच्या वापराचे, ज्यांना पर्याय नाही, त्यांवर आकारणी लावताना लोकांना आधी विचारलंच नाही. दोन, करार मोडला तर काय, याचा भार कुणावर, हे सही करताना सामान्य माणसाला माहीत नव्हतं. पाणी तर रस्त्याहून जास्त अटळ. म्हणून दर कोण ठरवणार, दरवर्षी किती वाढणार, वाढ आपोआप की दरवेळी सभेची मंजुरी, आणि करार मध्येच तुटला तर कंपनीला किती द्यायचं, या चार गोष्टी मराठीत छापून घरोघरी पोचल्या पाहिजेत. धरणातून उचललेल्या पाण्याचा ठोक दर राज्याचं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं, पण तुमच्या नळाचा दर ते ठरवत नाही. त्यामुळे नळाच्या दरावर लक्ष ठेवणारं जे काही असेल ते करारातच लिहून घ्यावं लागतं.

इतर गावांकडे बघा, शिकण्यासारखं खूप आहे. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला होजिअरीच्या कारखान्यांसाठी आणि गावासाठी खासगी भागीदारीत मोठी पाणीयोजना झाली, २००५ च्या सुमारास चालू झाली. हिशेब असा की रंगाईचे कारखाने जास्त दरानं पाणी घेतील आणि त्यावर घरगुती पाणी स्वस्त देता येईल. २०११ मध्ये प्रदूषणामुळे उच्च न्यायालयानं रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. मोठा गिऱ्हाईकच गेला, आणि योजना कर्जाखाली वाकली. पाईप चांगले होते, पाणी होतं, अभियंते चांगले होते. एकाच गटाच्या बिलावर सगळा डोलारा उभा होता, तेवढंच चुकलं. म्हणून तुमच्या भागातल्या दोन-चार मोठ्या गृहप्रकल्पांच्या किंवा हॉटेलांच्या जोरावर कुणी हिशेब मांडत असेल तर त्यातला एक काढून बघा, काय उरतं ते.

आपल्या राज्यात छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीहून समांतर जलवाहिनीचा खासगी भागीदारीचा करार २०११ मध्ये झाला आणि २०१६ मध्ये रद्द झाला. मधली वर्षं वादात गेली, लोक तहानलेलेच राहिले आणि नंतरची नवी योजना कितीतरी महाग झाली. नागपूरला २०१२ पासून २५ वर्षांचा करार चालू आहे. तिथं सुरुवातीच्या सुधारणांच्या खर्चाचा साधारण ७० टक्के भाग केंद्र-राज्याच्या अनुदानातून आणि ३० टक्के कंपनीकडून आला. तिथंही दराच्या आणि मीटरच्या तक्रारी झाल्या, होतात. पण अनुदानाचा पाया असल्यानं हप्त्याचा भार कमी राहिला आणि करार टिकला, असं माझं वाचन आहे. आणि आपल्या शेजारी बेळगाव, हुबळी-धारवाडला २००८ पासून ठरावीक भागात चोवीस तास पाणी आलं. तिथं पैसा जागतिक बँकेच्या कर्जाचा आणि सरकारचा, खासगी कंपनी फक्त चालवायला. 'खासगी' हा एकच शब्द या सगळ्यांना लावतात, पण प्रत्येक ठिकाणी पैसा वेगळ्याचा आणि जोखीम वेगळ्याची आहे.

सरकारी पैसा म्हणजे सगळं सुरळीत, असंही मी म्हणणार नाही. काळम्मावाडी धरणातून कोल्हापूर शहराला पाणी आणणारी थेट पाईपलाईन आपल्या डोळ्यांसमोर आहे. पन्नासहून जास्त किलोमीटरची लाईन, बहुतांश पैसा केंद्राच्या अनुदानाचा, आणि पाणी शहरात यायला २०२३ ची दिवाळी उजाडली. उशिराचीही किंमत असते. ती बिलावर छापलेली नसते, टँकरवाल्याच्या वहीत असते.

कोल्हापुरात आणखी एक जोखीम आहे जी मुंबईत बसून मसुदा लिहिणाऱ्याला सुचत नाही: महापूर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शहराला पाणी देणारी शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि चहूकडे पाणी असताना आपण टँकरच्या रांगेत उभे राहिलो. करारात 'दैवी आपत्ती' नावाचं कलम असतं. त्यात पूर आला की कंपनीची जबाबदारी थांबते आणि नुकसान बहुतेक वेळा सार्वजनिक यंत्रणेकडे येतं. पंचवीस-तीस वर्षांत एकदा येणाऱ्या आपत्तीसाठी हे ठीक. पण तीन वर्षांत दोनदा आलेल्या पुराला अकस्मात आपत्ती कसं म्हणायचं? मी असते तर मसुद्यात फुटांचा आकडा घातला असता. अमुक पातळीपर्यंतचा पूर ही कंपनीची जबाबदारी, मोटारी आणि पॅनेल त्याच्या वर बसवायचे, विमा तिनं काढायचा. त्याच्या वर गेलं तरच आपत्ती. यानं बांधकामाचा खर्च थोडा वाढतो, पण तो आधी दिसतो.

मग कंपनीशिवाय दुसरा रस्ता आहे का? महापालिकांना रोखे काढता येतात. नाशिकनं १९९९ मध्ये पाणी-ड्रेनेजसाठी १०० कोटींचे रोखे काढले, पुण्यानं २०१७ मध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी उभे केले. पण तुम्ही हद्दीबाहेर. ग्रामपंचायतीला एकटीनं बाजारातून असा पैसा उभा करणं व्यवहारात जमत नाही. हद्दवाढीचा प्रश्न आपल्याकडे किती जुना आणि किती नाजूक आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, पण पाणी-ड्रेनेजची एकत्र योजना हा वेगळाच पल्ला आहे. तमिळनाडूनं २००३ च्या आसपास १३-१४ लहान गावांना एकत्र बांधून एकच रोखा काढला, त्याला राज्यानं राखीव निधीचा आधार दिला. एकट्या गावाला कुणी उभं केलं नसतं, एकत्र उभं केलं. तुमच्या पट्ट्यातल्या गावांनी निदान ड्रेनेजपुरतं एकत्र यावं असं मला मनापासून वाटतं. पाण्याचा उतार ग्रामपंचायतीची हद्द बघत नाही. पाच गावांना पाच प्रक्रिया केंद्रं बांधणं हा पैशाचा नाश आहे.

आणि तेव्हा चेन्नईला लागून असलेल्या आलंदूरची गोष्ट तुमच्या बैठकीत जरूर सांगा. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्या नगरपालिकेनं ठरवलं की ड्रेनेज करायचं. सुमारे ३४ कोटींचं काम. लोकप्रतिनिधी गल्लोगल्ली फिरले आणि काम सुरू व्हायच्या आधी घरामागे ५,००० रुपये ठेव मागितली. लोकांनी दिली. ती रक्कम पूर्ण खर्चाला पुरणारी नव्हती, कर्ज आणि सरकारी मदत लागलीच. पण ठेव देणारा माणूस जोडणी घेणारच हे बँकेला आणि ठेकेदाराला आधीच कळलं. प्रक्रिया केंद्र खासगी पैशातून झालं, कारण मैलापाणी नक्की येणार याची खात्री होती. वर मी जी २,२३० रुपयांची भीती दाखवली ना, ती त्यांनी कुदळ मारायच्या आधी काढून टाकली.

इतकं झाल्यावर तुमच्या तीन प्रश्नांची थेट उत्तरं. कंपनी स्वतःचा पैसा घालते, पण थोडा, आणि तो परत घ्यायलाच. टोलसारखं होऊ शकतं, दरवाढ, किमान हमी आणि करार तुटल्यावरची भरपाई ही तीन कलमं झाकून राहिली तर नक्की होईल. आणि आत्ता पाठिंबाही देऊ नका, विरोधही करू नका, कारण ज्याला हो-नाही म्हणायचं तो कागद अजून तुमच्यासमोर नाही. कंपनीनं थेट येऊन सुचवलेल्या योजनेला खुली निविदा लावायचा ठराव मात्र ग्रामसभेत लगेच मांडा.

तोपर्यंत एक काम कॉलनीत आजच सुरू करता येईल. एक वही घ्या. प्रत्येक घराची एक ओळ. सेप्टिक टाकी पुढच्या अंगाला की मागच्या, टाकीपासून रस्त्यापर्यंत किती फूट, मधे फरशी की माती, टाकी शेवटची कधी उपसली आणि त्याला किती दिले, उन्हाळ्यात टँकरला महिन्याला किती जातात. जोडणीसाठी आधी ठेव द्यायची तयारी आहे का, हाही एक रकाना ठेवा. कॉलेजची मुलं दोन रविवारांत हे करतील. यातून घरामागचा उंबऱ्याच्या आतला खर्च निघतो, तो योजनेत धरायला सांगता येतो, आणि आज तुम्ही टँकर आणि उपसा गाडी मिळून खरं किती भरता हेही कळतं. निविदेच्या अटी ठरवताना असा कागद घेऊन आलेली कॉलनी मी आजवर दोनदाच पाहिली, आणि दोन्ही वेळा अटी बदलल्या.

वही पूर्ण झाली की बेरजा इथं टाका, घरमालकांची नावं नकोत. दर महिन्याचा हिशेब मी मांडून देते.